एंजल माशांचे घरगुती मत्स्यपेटीतील सहजीवन

एंजल मासा (शास्त्रीय नाव: टेरोफिलम स्केलारे) हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आढळणारा गोड्या पाण्यातील मासा असून तो जगभर शोभिवंत मासा म्हणून पाळला जातो. पतंगासारखे चपटे अंग, वर व खाली निमुळते होत गेलेले लांब पर आणि अंगावरचे उभे काळे पट्टे यांमुळे तो चटकन ओळखू येतो. दुकानांत त्याची ओळख ‘शांत मासा’ अशी करून दिली जाते. लहान वयात हे वर्णन बरेचसे खरे ठरते. मात्र सहा ते बारा महिन्यांच्या वयात मासे प्रौढ होऊन त्यांच्या जोड्या जुळू लागल्या, की त्याच पेटीत पाठलाग, परांचे लचके आणि कोपऱ्यात कोंडून धरणे सुरू होते व दुर्बल मासे काही दिवसांत दगावतात. हे मासे एकत्र नांदावेत यासाठी त्यांची संख्या, पेटीची लांबी-उंची, सोबतीचे मासे आणि पाणी बदलण्याची रीत या चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन असून पाणी व वीज यांबाबत पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती विशेषत्वाने विचारात घेतली आहे.

नाव व वर्गीकरण

‘टेरोफिलम’ हे प्रजातीनाम ग्रीक भाषेतील ‘पंख’ व ‘पान’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनले असून ते ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये दिले. या प्रजातीत तीन जाती मानल्या जातात: टेरोफिलम स्केलारे, ओरिनोको व रिओ नेग्रो या नद्यांतील उंच अंगाचा टेरोफिलम आल्टम आणि आकाराने लहान असलेला टेरोफिलम लिओपोल्डी. बाजारात मिळणारे सिल्व्हर, मार्बल, ब्लॅक, गोल्ड, कोई, व्हेलटेल इत्यादी प्रकार या स्वतंत्र जाती नव्हेत. ते मुख्यतः स्केलारेपासून निवड पद्धतीने तयार केलेले वाण आहेत. त्यांच्या स्वभावात वाणागणिक फारसा भेद नसतो, त्यामुळे ‘कोई एंजल भांडत नाहीत’ यासारख्या आश्वासनांना अर्थ नाही. समुद्रातील प्रवाळखडकांवर राहणारे, याच नावाने ओळखले जाणारे रंगीत मासे वेगळ्या कुळातील आहेत.

एंजल मासा सिक्लिड कुळात मोडतो आणि त्याचा स्वभाव समजण्यास ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. उजनीच्या जलाशयातील मासळीमुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालेली चिलापी, मत्स्यपेटीत एकट्यानेच ठेवावे लागणारे फ्लॉवरहॉर्न, तसेच ऑस्कर व डिस्कस हे सर्व याच कुळातील. गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर हा या कुळाचा भारतीय प्रतिनिधी. जागा राखणे आणि पिलांचे रक्षण करणे हे या कुळाचे ठळक लक्षण होय. एंजल माशाचे देखणे, संथ रूप पाहून त्याचे हे नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नैसर्गिक वर्तन

ॲमेझॉन खोऱ्यातील संथ, सावलीच्या पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या फांद्या, मुळे व उभ्या पाणवनस्पती यांच्यामध्ये हे मासे राहतात. चपट्या अंगामुळे त्यांना उभ्या काड्यांमधील अरुंद फटींतून सहज सरकता येते आणि उभे पट्टे त्यांना त्या पार्श्वभूमीत लपवतात. लहान मासे थव्याने राहतात. थव्याची ही ओढ चांगलीच बळकट असते. स्पेनमधील ओव्हिएदो विद्यापीठातील लुईस गोमेझ-लाप्लाझा आणि कॅनडातील टोरोंटो विद्यापीठातील रॉबर्ट गर्लाई यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अनोळखी जागी सोडलेल्या एंजल माशांना दोन थव्यांपैकी मोठा थवा ओळखता येतो व ते त्याच्याकडे वळतात, असे दिसून आले. दोन थव्यांच्या संख्येतील अंतर जितके कमी, तितकी ही ओळख अवघड होत जाते. एकट्या ठेवलेल्या लहान एंजल माशाचे बुजरेपण आणि अन्न न खाणे यांमागे बहुधा थव्याचा अभावच असतो.

थव्यात एक उतरंड असते. कोण पुढे, कोण मागे हे बहुतेक वेळा अंगाचा आकार, पर ताठ करून दाखवणे आणि बाजूने अंग थरथरवणे एवढ्यावरच ठरते. उतरंड एकदा ठरली की प्रत्यक्ष मारामारी कमी होते. म्हणूनच अनेक महिने एकत्र राहिलेल्या माशांत नवा मासा सोडला, की शांत असलेली पेटी अचानक धुमसू लागते. केवळ नव्या माशाला मार बसतो असे नाही. जुन्यांचेही आपापसांतील स्थान पुन्हा ठरू लागते.

प्रौढ झाल्यावर नर व मादी जोडी करतात आणि अंडी घालण्यासाठी एखादे रुंद पान, पाटी किंवा उभी काचही निवडतात. त्या जागेभोवतीचा भाग ती जोडी आपला मानते. नदीत पराभूत मासा दूर निघून जातो आणि भांडण तेथेच मिटते. काचेच्या पेटीत ‘दूर’ नावाची जागाच नसते. पराभव मान्य करूनही मासा जेत्याच्या नजरेसमोरच राहतो, त्यामुळे जेत्याला त्याचा पाठलाग पुन्हा पुन्हा करावासा वाटतो. मत्स्यपेटीतील बहुतेक मृत्यू पहिल्या चाव्याने होत नाहीत. सततच्या पाठलागामुळे उपासमार होते, रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि अखेर साध्या संसर्गाने मासा मरतो. पाळणाऱ्याला दिसतो तो अखेरचा संसर्ग. मग औषध आणले जाते आणि मूळ कारण पेटीत तसेच फिरत राहते.

किती मासे ठेवावेत

या विषयातील सर्वांत मोठी चूक संख्येची असते. तीन एंजल मासे हा दुकानातून नेला जाणारा नेहमीचा संच, पण तो सर्वांत वाईट. तिघांपैकी दोघांची जोडी जुळते आणि उरलेल्या एकावर दोघांचा रोष एकवटतो. चारांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडते. दोन मासे ठेवावयाचे तर ते जुळलेली जोडी असावी. दोन नर एकत्र आल्यास दुर्बलाची सुटका नसते. दोन माद्या मात्र कधीकधी जोडीप्रमाणे राहतात व दोघीही अंडी घालतात. अर्थात ती अंडी फळत नाहीत.

पाच-सहा किंवा अधिक मासे एकत्र असतील, तर वरच्या माशाचा रोष अनेकांत वाटला जातो आणि कोणा एकावर त्याचा भार पडत नाही. यासाठी सारख्या आकाराची, शक्यतो एकाच वेळी व एकाच ठिकाणाहून आणलेली सहा पिले घ्यावीत, हा मार्ग सर्वांत सुरक्षित समजला जातो. रुपयाच्या नाण्याएवढ्या अंगाची पिले त्यासाठी योग्य असतात. एक मोठा मासा आणि पाच लहान असा संच टाळावा, कारण लहानांची वाढ खुंटते आणि मोठ्याचा वरचष्मा कायमचा होतो.

सहा पिले आणताना पुढचा विचार मात्र त्याच दिवशी करावा लागतो. वर्षभरात त्यांतून एखाद-दुसरी जोडी निघेल. तेव्हा जोडीला वेगळी पेटी देणार, की जोडी ठेवून उरलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला परत देणार, हे आधी ठरलेले असावे. लहान माशांतील नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही. प्रौढ माशांतही खात्री पटते ती प्रजननाच्या वेळीच: पोटाखाली दिसणारी नलिका नरात बारीक व टोकदार, तर मादीत जाड व बोथट असते. कपाळाच्या उंचवट्यावरून केलेला अंदाज पुष्कळदा चुकतो. त्यामुळे ‘एक नर, एक मादी द्या’ ही मागणी दुकानदाराला प्रामाणिकपणे पुरी करता येण्यासारखी नसते.

पेटीचा आकार व मांडणी

पूर्ण वाढलेल्या एंजल माशाच्या अंगाची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर होते आणि परांच्या टोकांपर्यंतची उंची त्याहून अधिक भरते. एक फूट उंचीच्या पेटीत, तळाची वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता, पाण्याची उंची जेमतेम नऊ-दहा इंच उरते. अशा पेटीत माशाचे पर वाकतात व झिजतात. पेटीची उंची निदान दीड फूट (सुमारे ४५ सेंटिमीटर) असावी.

सर्वत्र विकल्या जाणाऱ्या २ × १ × १ फूट पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. ती पिलांना काही महिने पुरते, प्रौढांना नाही. एका जोडीसाठी ३ × १ × १.५ फूट (सुमारे १२७ लिटर) आणि सहा प्रौढांसाठी ४ × १.५ × १.५ फूट (सुमारे २५५ लिटर) हा व्यवहार्य किमान आकार मानता येईल. अशा मोठ्या पेटीत केवळ पाण्याचेच वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते. काच, वाळू व लोखंडी स्टँड यांचे वजन निराळे. सदनिकेत ती भिंतीलगत, सपाट फरशीवर ठेवावी, गॅलरीत ठेवू नये. औद्योगिक पट्ट्यात भाड्याच्या घरांत राहणारी व वरचेवर घर बदलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी अशी पेटी घेण्यापूर्वी स्थलांतराचा विचार केलेला बरा. प्रत्येक स्थलांतरात माशांची उतरंडही नव्याने मांडली जाते.

मांडणीचे सूत्र एकच आहे: एका टोकाच्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा सतत दिसू नये. वाळू आणि मध्यभागी एक दगड अशी मोकळी सजावट पाहणाऱ्याला आवडते, पण मार खाणाऱ्या माशाला तीत आसरा नसतो. उभी लाकडे, व्हॅलिस्नेरियासारख्या लांब पानांच्या वनस्पती, ॲमेझॉन सोर्डची रोपे, नाहीतर टेकवून ठेवलेल्या पाट्या यांनी पेटीचे दोन-तीन कप्पे पाडावेत. आडोसे उभे असावेत, कारण हा मासा तळाशी बिळात शिरत नाही. तो पाण्याच्या मधल्या थरात, उभ्या वस्तूंच्या आड राहतो. टोकदार प्लॅस्टिकची झाडे परांना इजा करतात. पाण्याचा जोरदार झोतही या माशांना मानवत नाही, म्हणून गाळणीचे तोंड काचेकडे वळवावे.

पेटीत भांडण पेटले असता मांडणी पूर्ण बदलणे हा एक जुना उपाय आहे. राखलेली जागाच नाहीशी झाल्यामुळे सर्व मासे काही काळ समान पातळीवर येतात. नवा मासा सोडावाच लागला तर तो याच वेळी, दिवा मालवून सोडावा. उपाय उपयोगी असला तरी त्याचा परिणाम थोडे दिवसच टिकतो.

सोबतीचे मासे

एंजल मासा तोंडात मावेल ते खातो आणि त्याचे लांब पर दुसऱ्यांना चावायला सोयीचे असतात. सोबती निवडताना या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. निऑन टेट्रा लहान एंजलांसोबत महिनोन्‌महिने सुखाने राहतात आणि एंजल मोठे झाल्यावर एकेक करून नाहीसे होतात. गप्पीची पिले तर थेट अन्न ठरतात. उलट टायगर बार्ब व सर्पे टेट्रा हे एंजलांचे पर कुरतडतात, त्यांना या पेटीत स्थान नसावे. ब्लॅक स्कर्ट टेट्राही कमी संख्येत असल्यास तोच उद्योग करतात.

उंच अंगाचे, चपळ पण निरुपद्रवी टेट्रा, रमीनोज टेट्रा आणि तळाशी वावरणारे कोरिडोरास हे चांगले सोबती होत. गोल्डफिश आणि एंजल एकाच पेटीत ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, ती चुकीची आहे. गोल्डफिशला थंड पाणी हवे, त्याची विष्ठा अधिक आणि खाणे अधाशी असते. ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा लहानपणी शेवाळ खातो, परंतु मोठा झाल्यावर एक फुटापेक्षाही लांब होतो आणि रात्री झोपलेल्या चपट्या माशांच्या अंगावरील बुळबुळीत थर खरवडून खातो. सकाळी एंजलच्या अंगावर गोल पांढुरके चट्टे दिसले, तर दोष दुसऱ्या एंजलला देण्यापूर्वी सकरकडे पाहावे.

पाणी

एंजल माशाला २५ ते २९ अंश सेल्सियस तापमानाचे, किंचित आम्ल ते उदासीन आणि फारसे कठीण नसलेले पाणी मानवते. पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांत वाढलेले आजचे मासे मध्यम कठीण पाणीही सहन करतात. जे त्यांना सहन होत नाही ते अमोनिया. विष्ठा व कुजणारे अन्न यांतून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट हे जे रूपांतर होते, ते गाळणीतील स्पंजावर वाढणाऱ्या जीवाणूंमुळे. नव्या पेटीत ही वसाहत तयार होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी आणल्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरतात ते यामुळेच. स्पंज नळाखाली धुऊ नये, पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा.

पिंपरी-चिंचवड शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. ते नदीपात्रातून येऊन रावेत येथे उचलले जाते आणि निगडीतील जलशुद्धीकरण केंद्रातून शहरात सोडले जाते. सह्याद्रीतील पावसाचे हे पाणी एंजलसाठी मुळात अनुकूल आहे, कारण त्यात खनिजे कमी असतात. अडचण आहे ती निर्जंतुकीकरणासाठी वापरलेल्या क्लोरिनची. क्लोरिनमुळे माशांच्या कल्ल्यांना इजा होते व गाळणीतील जीवाणूही मरतात. पाणी बादलीत किंवा पिंपात काढून चोवीस तास उघडे ठेवल्यास, विशेषतः त्यात हवेचा पंप चालू ठेवल्यास, क्लोरिन बराचसा उडून जातो. घाई असल्यास दुकानात ‘अँटिक्लोरिन’ या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरता येते.

नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणीपुरवठा करण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे पाळणाऱ्यांना पाणी साठवून ठेवावेच लागते आणि साठवलेले पाणी आपोआप वापरण्याजोगे होते, ही त्यातली सोय. गैरसोय अशी, की उन्हाळ्यात टंचाई वाढली की पाणी बदलणे लांबणीवर पडते आणि नंतर एकदम अर्धी पेटी रिकामी केली जाते. गृहसंस्थेत टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी येऊ लागले, तर प्रश्न आणखी वाढतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून उपसलेले कूपनलिकेचे पाणी सामान्यतः कठीण असते. पवनेच्या पाण्याला सरावलेल्या माशांना हा बदल अचानक सोसवत नाही. चाकण परिसरातील वस्त्यांत कूपनलिकेवर विसंबणारी घरे अधिक असल्याने तेथे माशांना पहिल्यापासून त्याच पाण्याची सवय लावणे श्रेयस्कर ठरते. पाण्याचा स्रोत आठवड्यागणिक बदलत राहणे हे कठीण पाण्यापेक्षाही वाईट.

एकदम जास्त पाणी बदलण्याचा संबंध थेट भांडणाशीही आहे. ब्राझीलमधील साओ पावलो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एंजल माशांच्या गटातील आक्रमकतेवर पाणी बदलण्याचा परिणाम होतो आणि कमी पाणी बदलल्यास तो सौम्य राहतो, असे आढळले. मासे परस्परांचे स्थान पाण्यात मिसळलेल्या रासायनिक खुणांवरूनही ओळखतात. मोठ्या प्रमाणात पाणी बदलले की या खुणा विरळ होतात आणि ठरलेली उतरंड पुन्हा तपासली जाते. पंधरा दिवसांनी निम्मे पाणी बदलण्याऐवजी दर चार-पाच दिवसांनी दहा-पंधरा टक्के बदलणे म्हणूनच हितकर. एक दिवसाआड येणाऱ्या पाण्यात दोन बादल्यांचे हे काम बसवणे तुलनेने सोपे आहे.

थंडीत या भागातील किमान तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते व खोलीतील पेटीचे पाणी वीस अंशांखाली जाऊ शकते. त्या वेळी दर लिटरला एक वॉट या हिशेबाने हीटर लावावा. तापमान घसरल्यावर अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठणारा ‘इक’ हा रोग फार लवकर पसरतो आणि तो प्रथम गाठतो सतत मार खाणाऱ्या माशाला. उन्हाळ्यात उलट परिस्थिती असते. गच्चीवरील टाकीचे तापलेले पाणी थेट पेटीत ओतू नये.

वीज

पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या औद्योगिक क्षेत्रात साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवण्यास बहुधा हाच दिवस निवडला जातो. काही तास वीज गेल्यास हीटरपेक्षा हवेचा प्रश्न आधी उभा राहतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. बंद डब्याच्या गाळणीतील जीवाणूही प्राणवायूअभावी काही तासांत मरू लागतात. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप किंवा घरच्या इन्व्हर्टरवर जोडलेली स्पंज गाळणी हा त्यावरचा स्वस्त उपाय. वीज नसताना अन्न घालू नये.

पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट घडते. दुसऱ्या पाळीहून मध्यरात्रीच्या सुमारास परतलेला माणूस दिवा लावून माशांना खाऊ घालतो. अंधारात निश्चल झालेले मासे एकदम उजेड पडल्याने बिथरतात, काचेवर आदळतात आणि त्या गोंधळात एकमेकांवर धावून जातात. पेटीच्या दिव्याला टायमर लावून रोज आठ ते दहा तासांचा ठरावीक उजेड द्यावा. खाऊ घालणारा रात्रीच मोकळा होत असेल तर उजेडाचे तास दुपार ते रात्र असे ठेवले तरी चालतात. त्यांत रोज बदल नसावा, एवढेच.

आहार

दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच अन्न द्यावे. ते पेटीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाकावे. एकाच जागी टाकल्यास वरचढ मासा ती जागा अडवतो व खालच्या माशांना उरलेसुरले मिळते. तयार दाणे, गोठवलेला आर्टेमिया व ब्लडवर्म हे चालते. जिवंत ट्युबिफेक्स मासे आवडीने खातात, परंतु त्या अळ्या घाण पाण्यात वाढत असल्याने रोग आणतात. अन्न वाढवल्याने भांडण कमी होईल ही समजूत चुकीची आहे. पाणी मात्र बिघडते.

प्रजनन आणि शांततेचा भंग

जोडीने पाटी किंवा पान तोंडाने घासून स्वच्छ करायला सुरुवात केली, की एक-दोन दिवसांत अंडी घातली जाणार असे समजावे. मादी ओळीने काही शे अंडी चिकटवते व नर मागोमाग ती फलित करतो. सुमारे दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि आणखी चार-पाच दिवसांनी पिले पोहू लागतात. या काळात आईबाप परांनी वारा घालतात, बुरशी लागलेली पांढरी अंडी वेचून काढतात आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतात. तीन फुटी पेटीत ‘जवळ’ म्हणजे जवळजवळ सगळी पेटी. इतर मासे एका कोपऱ्यात, पृष्ठभागाशी, तोंड वर करून गोळा झालेले दिसतात. काही वेळा आईबापच अंडी खातात. पहिल्या दोन-चार खेपांत हे नेहमीचे आहे.

अंडी काढून टाकली की शांतता परत येईल असे वाटते. प्रत्यक्षात दीड-दोन आठवड्यांत जोडी पुन्हा अंडी घालते आणि संघर्षाचे चक्र अधिक जवळजवळ फिरू लागते. जोडी जुळल्यावर तिला वेगळी पेटी देणे हाच टिकाऊ उपाय. अगतिकता असल्यास पेटीत जाळीचे किंवा काचेचे विभाजन बसवून एक बाजू जोडीला द्यावी. काचेचे विभाजन असल्यास दोन्ही बाजूंना स्वतंत्र गाळणी लागते. जोडी आयुष्यभराची असतेच असे नाही. अंडी वारंवार नष्ट झाल्यास नर-मादीतच भांडण होऊन ती मोडते.

संघर्षाची लक्षणे व हस्तक्षेप

पर ताठ करणे, थोडा पाठलाग, क्वचित एकमेकांची तोंडे पकडून ढकलणे हे सर्व उतरंडीचा भाग आहे, त्यात पडू नये. तोंडे पकडण्याचा प्रकार पाहताना भीतिदायक वाटतो. सहसा काही क्षणांत एक जण माघार घेतो. दिवसातून पुन्हा पुन्हा तेच दोघे गुंतू लागले तर मात्र जबड्याला इजा होऊ शकते.

हस्तक्षेपाची वेळ मारणाऱ्याकडे पाहून नव्हे, मार खाणाऱ्याकडे पाहून ठरवावी. एखादा मासा सलग दोन वेळा अन्नाकडे आला नाही, कोपऱ्यात पृष्ठभागाशी तिरका उभा राहिला, पर मिटून घेतले, पट्टे सतत गडद दिसू लागले किंवा पर फाटले, तर त्याला त्याच दिवशी वेगळे करावे. यासाठी वीस-तीस लिटरची, स्पंज गाळणी असलेली जादा पेटी घरात असावी. ती नसेल तर हवेचा पंप लावलेली स्वच्छ प्लॅस्टिकची टोपलीही काही दिवस चालते. बरा झालेला दुर्बल मासा परत सोडल्यास बहुधा पुन्हा मार खातो. त्याऐवजी आक्रमक माशालाच आठवडाभर बाहेर ठेवून परत सोडावे, म्हणजे परतताना त्याचे स्थान सर्वांत खाली असते. याने काही पेट्यांत उतरंड बदलते, काहींत तीन दिवसांत सारे पूर्ववत होते. दुसरा अनुभव आल्यास त्या माशाला कायमचे दुसरे घर शोधणे इष्ट. जखमांवर खात्री नसताना प्रतिजैविके पेटीत टाकू नयेत, त्यांनी गाळणीतील जीवाणूंनाही अपाय होऊ शकतो. स्वच्छ पाणी आणि एकांत यांनी फाटलेले पर काही आठवड्यांत भरून येतात.

नको झालेले मासे

जोड्या जुळल्यानंतर उरलेल्या माशांचे काय करावे हा प्रश्न येतो, तेव्हा काहीजण त्यांना पवना किंवा इंद्रायणी नदीत अथवा जवळच्या तळ्यात सोडतात. हे दोन्ही अंगांनी घातक आहे. थंडीत घसरणारे तापमान आणि नदीचे प्रदूषण यांत एंजल मासा टिकण्याची शक्यता कमी. जो टिकतो तो स्थानिक माशांची अंडी-पिले खातो व पेटीतील परोपजीवी नदीत नेतो. पेटीतून सोडलेला सकर मासा भारतातील अनेक जलाशयांत पसरून मच्छीमारांची जाळी फाडू लागला आहे. बरेच दुकानदार निरोगी, वाढलेले एंजल परत घेतात आणि त्या बदल्यात खाद्य किंवा गाळणीचे सुटे भाग देतात. पिले विकत घेतानाच याविषयी त्यांच्याशी बोलून ठेवता येते. उत्तम निगा राखल्यास एंजल मासा दहा वर्षांपर्यंत जगतो, त्यामुळे परत दिल्या जाणाऱ्या वर्षभराच्या माशाचे बहुतेक आयुष्य अजून उरलेले असते.